झुकलेलं खोड उतरवताना

वादळात झाडाचा शेंडा मोडून बागेत पडला. छप्पर वाचलं, म्हणून घरात सगळ्यांना हायसं वाटलं. मला मात्र मागे उभं राहिलेलं खोड बघून जास्त धास्ती वाटत होती. उंची साधारण १० मीटर, वर तुटक्या फांद्यांचा बेचका, आणि सगळं घराच्या दिशेने कललेलं. बुंध्यापासून आमची मागची भिंत ४ मीटरवर. ते घराकडे आलं तर निम्म्याहून जास्त खोड छपरावर पडणार, हे कळायला कुणी जाणकार लागत नव्हता.

कललेलं प्रत्येक झाड पडायला टेकलेलं असतं असं नाही. लहानपणापासून तिरकं वाढलेलं झाड उजेडाकडे वळत राहतं, त्यामुळे खोडाला बाक येतो आणि शेंडा पुन्हा सरळ होतो. भार पेलण्यासाठी ते लाकूडही तसंच घालतं. रुंद पानांची झाडं वरच्या, म्हणजे ताणाच्या बाजूला आणि सूचिपर्णी झाडं खालच्या, दाबाच्या बाजूला. अशी झाडं वर्षानुवर्षं तिरकी उभी असतात. आमच्या खोडाला बाक नव्हता. बुडापासून बेचक्यापर्यंत ते सरळ होतं आणि तसंच्या तसं कललं होतं. म्हणजे ते तसं वाढलं नव्हतं, मुळांसकट हललं होतं. झुकावाच्या उलट बाजूला जमीन अर्धगोलात भेगाळली होती आणि तिथलं गवत टोपी उचलावी तसं वर आलं होतं. बुंध्यालगत, मातीच्या थोडं वर, बुरशीची लाकडासारखी टणक तपकिरी थाळी उगवली होती. ती आधीपासूनच तिथे असणार. पण झाड हिरवं असताना बुंध्याकडे कोण बघतं?

कुणाला बोलावण्याआधी मोजून घ्यावं असं ठरवलं. ओळंबा घेतला, खोडाच्या दोन्ही बाजूंना दीड मीटर उंचीवरून सोडला आणि बुडाशी किती अंतर पडतं ते पाहिलं. दोन्ही बाजू मोजायच्या, कारण खोड वर निमुळतं होत जातं आणि एकच बाजू धरली तर झुकाव चुकीचा निघतो. सरासरी २५ सेंटिमीटर आली. म्हणजे साडेनऊ अंशांच्या आसपास, आणि १० मीटर उंचीवर बेचका बुडापासून दीड मीटरहून जास्त बाहेर. मग भेगेच्या दोन्ही अंगांना खुंट्या ठोकून त्यांच्यातलं अंतर लिहून ठेवलं. पाऊस पडून गेला की ते अंतर थोडं वाढलेलं दिसायचं. डोळ्यांना खोड जागच्या जागीच वाटायचं, खुंट्या मात्र वेगळंच सांगायच्या. मागची खोली त्याच दिवशी रिकामी केली आणि मुलांचं मागच्या अंगणात जाणं बंद केलं.

विजेची तार हा दुसरा भाग. खांबावरून घरात येणारी तार खोडाच्या बाजूने जात होती. तारेच्या आसपास झाडाचं काम करायचं तर आधी वीजपुरवठा करणाऱ्यांकडून ती बंद करून घ्यायची, यात तडजोड नाही. तारेवरचं आवरण बघून ‘काही होत नाही’ म्हणणारे भेटतात. ओलं लाकूड आणि ओला दोर यांतून वीज वाहते, एवढं मी त्यांना सांगायची. झाड तोडायची परवानगी बहुतेक ठिकाणी लागते. धोकादायक झाडासाठी ती लवकर मिळू शकते, पण त्यासाठी फोटो आणि मोजमापं हाताशी असलेली बरी. माझी वही तिथे उपयोगी पडली.

मग सल्ले सुरू झाले. शेजारचे काका म्हणाले, “दोर बांध, माझ्या जीपला लाव, बागेकडे ओढून घेऊ. हाय काय नाय काय!” काकांचा जीव आहे आमच्यावर, त्यामुळे तोंडावर नाही म्हणणं अवघड गेलं. पण गाडीने ओढण्यात काय काय फसू शकतं ते मला नंतर नीट समजलं. चालकाची पाठ झाडाकडे असते. चाकं घसरली की ताण एकदम सुटतो आणि तेवढ्यात खोड उलट दिशेला जातं. साधा दोर ताणला की लांबतो, त्यात जोर साठतो, आणि तुटला तर तो जोर समोरच्याच्या अंगावर येतो. शिवाय दोर खोडाच्या उंचीहून बराच लांब नसेल तर जीपच खोडाखाली.

दुसरे एक जण येऊन खोडाकडे लांबूनच बघून म्हणाले, “चढतो, अर्ध्या तासात मोकळं करतो.” डोक्याला काही नाही, पायात चपला. त्यांना मी चहा देऊन निरोप दिला.

तिसऱ्या माणसाने मात्र आल्या आल्या भावच सांगितला नाही. त्यांना आम्ही दादा म्हणू लागलो. ते आधी खोडाभोवती गोल फिरले, मग भेगेत लोखंडी सळई घालून ती किती खोल जाते ते पाहिलं. मग लाकडी हातोडीने बुंधा चहूबाजूंनी ठोकत गेले. चांगल्या लाकडावर टणक, आखूड आवाज यायचा. घराकडच्या बाजूला, गुडघ्याच्या उंचीवर, ढोल वाजावा तसा घुमला. बेचक्यात पक्ष्याचं घरटं किंवा मधमाश्यांचं पोळं आहे का तेही दुर्बिणीने पाहिलं. मग म्हणाले, “ताई, हे पाडायचं काम नाही. हे उतरवायचं काम आहे.”

का, ते त्यांनी अंगणातच काठीने मातीत रेघा ओढून समजावलं, आणि आकडे माझ्या वहीतलेच वापरले. खोडाचा घेर २२० सेंटिमीटर, म्हणजे व्यास ७० सेंटिमीटर. ओलं लाकूड घनमीटरला ८०० ते १,००० किलो धरायचं. बुडाजवळचा एक मीटरचा ओंडका ३५० किलोच्या आसपास भरतो. वर निमुळतं होतं हे धरूनही आख्खं खोड दोन-अडीच टनांचं. एवढं वजन घराकडे झुकलेलं असताना बागेकडे पाडायचं, तर ते आधी उभ्यावर आणायला हवं. पाचरी मारून ते जमतं का? कापाच्या मागच्या कडेला, बिजागरीपासून, म्हणजे मुद्दाम न कापता ठेवलेल्या लाकडाच्या पट्टीपासून, अर्ध्या मीटरवर, अडीच सेंटिमीटर उचलणारी पाचर मारली तर १० मीटरवरचं टोक जेमतेम ५० सेंटिमीटर सरकतं. आमचं टोक दीड मीटरहून जास्त बाहेर होतं. पाचरीवर पाचर, त्यावर पाचर, आणि खाली पोकळ लाकूड.

आणि बिजागरी हीच खरी अडचण. झाड पाडताना पुढून खाच आणि मागून काप घेतात, मधे न कापलेल्या लाकडाची पट्टी ठेवतात. खोड त्या पट्टीवर दाराच्या बिजागरीसारखं फिरतं, म्हणून ते ठरल्या दिशेला जातं. लाकूडच सडकं असेल तर पट्टी टिकत नाही, आणि ती तुटली की खोड वजन नेईल तिकडे जातं. क्लाऊस माथेक या जर्मन अभ्यासकाने पोकळ झाडांसाठी एक आडाखा दिला आहे : शाबूत भिंतीची जाडी त्रिज्येच्या साधारण एक तृतीयांशाहून कमी झाली की खोड मोडण्याचा धोका बराच वाढतो. त्यावर वाद आहेत, पण ठोकून आलेल्या आवाजावरून आमचं खोड त्या रेषेच्या आसपास किंवा खालीच असणार, असा दादांचा अंदाज होता.

“आणि घर नसतं, झुकावाच्या दिशेलाच पाडायचं असतं, तर सोपं होतं ना?” मी विचारलं. ते हसले. झुकलेलं झाड झुकावाच्या दिशेला पाडताना माणसं जास्त फसतात, म्हणाले. मागून काप घेता घेता खोडावरचा ताण इतका वाढतो की काप पुरा होण्याआधीच ते उभं चिरतं. मागची फळी झटक्यात वर उसळते आणि करवत धरलेल्या माणसाच्या छातीवर किंवा तोंडावर येते. म्हणून जाणकार करवतीचं टोक खोडात मधून आरपार घालतात, पुढे बिजागरी ठेवून तिच्या मागचं लाकूड कापतात आणि मागच्या कडेला एक पट्टा शिल्लक ठेवतात. सगळी तयारी झाली, पळायची वाट मोकळी आहे याची खात्री झाली, की शेवटी तेवढा पट्टा तोडायचा. हे ऐकल्यावर अर्ध्या तासात मोकळं करणाऱ्या गृहस्थांची आठवण झाली आणि अंगावर काटा आला.

खोडावर चढून वरून तुकडे कापत यायचं, हा नेहमीचा मार्गही इथे बाद होता. चढणारा कापलेला तुकडा दोराने त्याच खोडाला लावलेल्या कप्पीवरून खाली सोडतो. १५० किलोचा तुकडा सुटून मीटरभर खाली आला आणि मग दोराने अडवला, तर झटका त्याच्या वजनाच्या कितीतरी पट बसतो. कप्पीवर तर दोराच्या दोन्ही बाजूंचा ताण येतो, म्हणजे जवळपास दुप्पट. मुळं उचललेल्या, पोकळ खोडाने एवढे हिसके खायचे, तेही वर माणूस बसलेला असताना? दादांनी सरळ सांगितलं, “या झाडावर मी माझ्या पोराला चढवणार नाही.”

उरला एकच मार्ग. क्रेनने वरून तुकडा धरायचा, माणसाने त्याला वर उचलणाऱ्या वेगळ्या लिफ्टच्या पाळण्यात उभं राहून तो कापायचा, आणि खोडावर कुठलाच नवा भार टाकायचा नाही. हे महाग पडतं, त्यावर घरात चर्चा झाली. माझं म्हणणं एवढंच होतं की छपराची दुरुस्तीही या हिशेबात धरा.

काम देण्याआधी मी दादांना बरंच काही विचारलं. माणसांचा विमा आहे का, क्रेनवाल्याला इशारे कोण देणार, वारा सुटला तर काय करणार. शेवटच्या प्रश्नाला त्यांनी लगेच “थांबणार” म्हटलं, आणि ठरलेल्या दिवशी सकाळपासून वारा होता तेव्हा खरंच काम पुढे ढकललं. त्या दिवशी मला राग आला होता हे कबूल करते, कारण वीज बंद करून घेण्याचा खटाटोप पुन्हा करावा लागणार होता. पण हुकाला टांगलेला ओंडका वाऱ्याने फिरायला लागला की त्याला कुणी हाताने धरू शकत नाही.

तोवर खोड जागेवर राहावं म्हणून त्यांनी आधार लावून ठेवला होता. वजनदार छोटी पिशवी बारीक दोरीला बांधून ती बेचक्यातून पलीकडे फेकली, दोरीच्या मागोमाग जाड दोर ओढून घेतला, आणि कुणीही वर न चढता फास खोडाभोवती बसला. बागेच्या टोकाला असलेल्या दणकट झाडांच्या बुडाला रुंद पट्टे गुंडाळून हे दोर दोन दिशांना बांधले. घट्ट, पण खेचून नव्हे. “आधाराला आहेत, ओढायला नाहीत. जोर लावला तर उरलेली मुळं आपणच तोडू.”

कामाच्या दिवशी सगळ्यात जास्त वेळ कापण्यात गेला असं कुणाला वाटेल, पण तो गेला क्रेन उभी करण्यात. क्रेनच्या अंगावर लिहिलेला टनांचा आकडा हात जवळ असतानाचा असतो. हात लांब केला की उचलायची ताकद झपाट्याने घटते, आणि आमच्याकडे तिला घराच्या बाजूने बऱ्याच लांबून पोहोचायचं होतं. चालकाने आपला तक्ता काढला, अंतर फितीने मोजलं आणि प्रत्येक तुकडा जास्तीत जास्त किती वजनाचा चालेल ते दादांना सांगितलं. दादांनी त्याहून बरेच लहान तुकडे ठरवले, कारण झाडाचं वजन हा शेवटी अंदाजच असतो. क्रेनचे पाय कुठे टेकणार तिथे खाली टाकी किंवा नळ आहेत का ते मला विचारलं, आणि पायांखाली जाड लाकडी फळ्या घातल्या.

पट्टी ओढून खोडाच्या उंचीच्या दुप्पट अंतरापर्यंत जागा बंद केली. काका आत येऊ पाहत होते, त्यांना तुमच्याच गच्चीवरून बघा म्हटलं. घर रिकामं होतं. क्रेनला इशारे देणारा माणूस एकच. पण “थांबा” हा इशारा कुणीही द्यायचा आणि तो सगळ्यांनी पाळायचा, असं काम सुरू होण्याआधी दादांनी सगळ्यांना मोठ्याने सांगितलं. कापणाऱ्या मुलाच्या डोक्यावर जाळीचं शिरस्त्राण, कानांवर आवाजरोधक, आणि खास विजार. तिच्या आत लांब धाग्यांचे थर असतात, करवत लागलीच तर ते धागे साखळीच्या चक्रात गुंतून तिला थांबवतात. मला ती साधी जाड विजार वाटली होती. त्याचा सुरक्षापट्टा पाळण्याला जोडलेला होता, खोडाला नाही. खोड गेलं तर तो त्याच्याबरोबर जायला नको.

पहिल्यांदा बेचक्यातल्या तुटक्या फांद्या गेल्या. त्याआधी आधाराचे दोर बेचक्यातून सोडवून खोडाच्या मध्यावर नवे पट्टे बांधले, कारण ज्याला दोर बांधला आहे तेच कापून टाकण्यात अर्थ नाही. नंतर खरी कसरत सुरू झाली. तुकड्याला पट्टा त्याच्या मध्याच्या वर बांधायचा, म्हणजे सुटल्यावर तो उलटत नाही. हूक तुकड्याच्या वजनाच्या बरोबर वर आणायचा. मग क्रेनने फक्त तुकड्याच्या वजनाएवढाच ताण घ्यायचा. कमी घेतला तर तुकडा खाली बसतो आणि करवतीचं पातं कापात चिमटतं. जास्त घेतला तर सुटल्या क्षणी तो वर उसळतो आणि क्रेनचा हात हिंदकळतो. चालकाला हे काट्यावर दिसत होतं, मुलाला कापाच्या फटीवरून. घराकडच्या, म्हणजे दाबाच्या बाजूने आधी थोडा काप, मग वरून ताणाच्या बाजूने पुरा. शेवटचे तंतू तुटले की मुलगा करवत बंद करून पाळणा मागे घ्यायचा, आणि ओंडका नुसता टांगलेला राहायचा. चांगला काप म्हणजे काहीच न घडणं. प्रत्येक ओंडका छपरापासून दूर फिरवून बागेत उतरला. दुसऱ्या की तिसऱ्या तुकड्याला करवत चिमटली. तेव्हा कुणी हिसके दिले नाहीत, चालकाने ताण अगदी किंचित वाढवला आणि पातं मोकळं झालं.

वजन कमी होत गेलं तशी मागची भेग हळूहळू मिटायला लागली. मी लांबून खुंट्यांकडे बघत होते. आधाराचे दोर ढिले पडले.

दोन मीटरचं खोड उरल्यावर दादांनी क्रेन मोकळी केली. ते कुठेही पडलं तरी चार मीटरवरच्या भिंतीपर्यंत पोहोचणार नव्हतं. तरीही ते बागेकडेच पाडायचं होतं. मुलाने जमिनीवर उभं राहून बागेकडच्या बाजूला ७० अंशांची उघडी खाच घेतली, व्यासाच्या पाचव्या हिश्शाएवढी खोल. मागचा काप घेताना बिजागरीची पट्टी व्यासाच्या दहाव्या हिश्शाची, म्हणजे सात सेंटिमीटर ठेवली. मधे पोकळी, त्यामुळे पट्टी फक्त दोन कडांना. वरच्या टोकाला बांधलेला दोर कप्पीतून वळवून हाताने चालवायच्या पुलरला, म्हणजे दोर खेचायच्या यंत्राला, जोडला होता, म्हणजे ओढणारा माणूस पडण्याच्या रेषेबाहेर. मुलाने पळायच्या वाटा आधीच साफ केल्या होत्या, पडण्याच्या दिशेच्या उलट, तिरक्या मागे दोन्ही बाजूंना. पुलरचे काही हिसके, एक कडकडाट, आणि ते ठरल्या जागी आडवं झालं. कापलेल्या तोंडाकडे बघितलं तर शाबूत भिंत जेमतेम आठ-नऊ सेंटिमीटर, आत काळपट भुसभुशीत लगदा. ३५ सेंटिमीटर त्रिज्येत आठ-नऊ.

इथे काम संपलं असं वाटून मी पट्टी ओलांडून पुढे निघाले, तर दादा ओरडले. मुळांची चकती उचललेली असते तेव्हा खोडाचं वजन गेल्यावर ती ताणलेल्या मुळांच्या जोरावर झटक्यात परत खड्ड्यात बसू शकते, कधी कधी बऱ्याच वेळानंतरही. तिच्यामागच्या फटीत उभं राहिलेलं माणूस किंवा खेळणारं मूल तिच्याखाली सापडतं. म्हणून त्यांनी पुलरने ती आधी खाली बसवली, दोन्ही बाजूंनी टेकूसाठी तिरके ओंडके रेटले आणि मगच सगळ्यांना जवळ येऊ दिलं.

बुडखा काढायचा की ठेवायचा, यावर नंतर बोलणं झालं. मुळं उपटायला गेलो तर भिंतीजवळची माती मोकळी होते आणि पाण्याचा नळही जवळून जात होता. त्यामुळे यंत्राने तो जमिनीखाली वीतभर खोल खरवडला आणि मुळं जागीच कुजायला सोडली. तो भुसा खड्ड्यात तसाच भरायचा नाही, कारण कुजताना तो मातीतला नत्र ओढून घेतो आणि जमीन खचत राहते. भुसा काढून माती भरली, ठोकून बसवली, तरी पुढच्या पावसात ती खाली गेली आणि पुन्हा भर घालावी लागली. मोठं झाड गेलं की ते रोज उपसत असलेलं पाणी जमिनीत राहतं, आणि माती चिकण असेल तर ती फुगून घराच्या पायावर दाब येऊ शकतो. म्हणून मागच्या भिंतीवर पेन्सिलीने खुणा करून ठेवल्या आहेत आणि एखादी नवी चीर पडते का ते बघत असते. अजून तरी पडलेली नाही.